मी घेतलं न्हाई ते माझं

आज्जी गेली त्या दुपारी तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याला मीच फोन केला. तो म्हणाला, "फोटो आणि नाव तेवढं पाठवा, मजकूर आपल्याकडं तयार असतोय." तासाभरात डिझाइन आलं. वर कोपऱ्यात विठ्ठल, खाली निरांजन, मधे आधार कार्डावरनं मोठा केलेला आज्जीचा फोटो आणि त्याखाली चार शब्द : प्रेमळ, धार्मिक, सेवाभावी, कुटुंबवत्सल. चारही खरे होते. मी "चालेल" म्हणून कळवलं.

उत्तरकार्य आटोपून कोल्हापूरला परत निघालो तेव्हा स्टँडसमोरच्या चौकात आज्जीचा फ्लेक्स होता आणि शेजारी दुसऱ्या गावच्या एका आज्जींचा. मजकूर तोच. तेच चार शब्द, त्याच क्रमानं. त्यांच्या पलीकडं एका गृहस्थांचा होता : माजी चेअरमन, माजी उपसरपंच, प्रगतशील शेतकरी. बाप्याला पदं आणि बाईला विशेषणं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. एसटीत बसल्यावर त्या चार शब्दांतला एक शब्द डोक्यातून जाईना. सेवाभावी. वर्ष होत आलं, अजून जात नाही. आज्जीनं हा शब्द ज्या अर्थानं जगून दाखवला आणि आपण सगळे, म्हणजे घर, गाव आणि सरकार, तो ज्या अर्थानं वापरतो, ते दोन अर्थ एक नाहीत असं माझं ठाम मत झालं आहे. दुसऱ्या अर्थानं हा शब्द वापरणं आपण बंद केलं पाहिजे.

आमचं गाव पंचगंगेच्या काठचं. आज्जीला जन्मतारीख नव्हती. आधार कार्डावर कुणीतरी १ जानेवारी लिहून टाकली होती. ती सांगायची, गांधीजींना मारलं त्या साली मी दुपट्यात होते. म्हणजे १९४८. तिचं सगळं कॅलेंडर असंच, माणसांच्या जन्मांना बांधलेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती गल्लीतल्या एका घरात सासूच्या हाताखाली बाळंतिणीजवळ बसली होती. भांडी पडली, चिमणी विझली, माणसं बाहेर पळाली, आणि या दोघी बाळंतिणीला सोडून उठल्या नाहीत. त्या पहाटे जन्मलेला माणूस आता साठीला आला आहे. आज्जीच्या खांद्याकऱ्यांत तो होता.

सासू गेल्यावर ते काम आज्जीकडं आलं. पुढं बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, ते चांगलंच झालं, तीच म्हणायची. पण बाळंतीण घरी आल्यावरचं सगळं तिचंच राहिलं. सकाळी धार काढून, दूध घालून ती निघायची. बाळाला पायावर घेऊन तेल लावायचं, अंग चोळायचं, टाळू भरायची, न्हाऊ घालायचं, ओव्या-बाळंतशेपाची धुरी द्यायची. मग बाळंतिणीचं अंग रगडायचं, शेक-शेगडी करायची. सव्वा महिना, रोज, आणि एका वेळी कधीकधी दोन घरं. यात जात बघितली नाही, हे मी मुद्दाम लिहितो. गावात कुणाच्या घरात कुणी पाणी प्यायचं याचे नियम तेव्हा कडक होते आणि आज्जी ते जाहीरपणे मोडत नव्हती. पण पोर बघायला ती कुठल्याही गल्लीत जायची. तिथनं आल्यावर आंघोळ कर असं सासूनं सांगितलं तर म्हणायची, मी त्यास्नी आंघोळ घालून आली, आता मला कुठली घालायची.

याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. बारशाला एक खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. काही घरांतनं तेही यायचं नाही. तिच्या लेखी ही अंबाबाईची चाकरी होती. हे शब्द तिचेच. शुक्रवारी जमलं तर कोल्हापूरला देवीला, रविवारी जोतिबाचा नैवेद्य, नवरात्राचे नऊ दिवस पायात चप्पल नाही, आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चालत, आणि आषाढातच पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीला. तिला अक्षर येत नव्हतं, आरत्या आणि भजनं मात्र शेकड्यांनी पाठ. देव तिच्या रोजच्या कामातच होता. पायावर पोर आडवं घेऊन ती त्याच्या अंगावरनं तेलाचा हात फिरवायची तेव्हा ओठ हलत असायचे. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस? "देवीला सांगते, हे तुझं हाय, बघून घे."

आजकाल आमच्यातले शिकलेले लोक, त्यात माझे चांगले मित्रही आले, अशा बायकांबद्दल बोलताना म्हणतात की ही श्रद्धा म्हणजे गुलामीला दिलेला गोड मुलामा. बाईला राबवायचं तर तिला राबण्यात पुण्य आहे असं पटवून द्यायचं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण आज्जीच्या बाबतीत हे मला पुरतं पटलेलं नाही. तिच्या आयुष्यात घराच्या उंबऱ्याबाहेर पडायची जी काही हक्काची वाट होती ती देवानंच दिली होती. दिंडीला ती कुणाची परवानगी मागायची नाही, नुसतं सांगायची. भजनी मंडळात तिचा शब्द चालायचा. भाकरी किती, कुणी थापायच्या, पोथीला कुणाला बसवायचं, कुठल्या घरात सून छळली जाते आणि तिथं दोघीतिघींनी जाऊन बसायचं, हे सगळं देवळाच्या पायरीवर ठरायचं. तिला पद मिळालं नाही, पण ती पदावरच्या माणसासारखी वागली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कित्येक दिवस पुण्या-मुंबईचा रस्ता बंद होता, गाव उंचावरच्या शाळेत हलवलं होतं. तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कुणी मांडली? सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं. कुणी सांगितलं नव्हतं. चार बायकांना हाक मारली, तीन विटा लावल्या आणि पीठ मळायला बसली. सरकारी मदत पोचेपर्यंत त्या चुलीवर दीडदोनशे माणसं जेवली.

म्हणून तिच्या श्रद्धेला कुणी अडाणीपणा म्हटलं की मला राग येतो. आणि तितकाच राग दुसऱ्या बाजूचा येतो. तिचा त्याग किती थोर म्हणून डोळे पुसणारे, आणि त्या थोरपणाचा आयुष्यभर फायदा घेतलेले. त्यांत आमचं घर पहिलं. त्यात मीही आहे. शनिवार-रविवार गावी गेलो की तिनं उठून केलेली भाकरी मी वयाच्या तिशीपर्यंत बसून खाल्ली आहे.

म्हशींचंच घ्या. आमच्या घरात कधी दोन, कधी तीन म्हशी. वैरण आणणं, शेण काढणं, पेंड भिजवणं, सकाळ-संध्याकाळ धार, किटली घेऊन संस्थेत जाणं, सगळं आज्जीकडं आणि नंतर आईकडं. फॅट कमी लागली की बोलणी तिनं खायची. दूध संस्थेचं पुस्तक मात्र आजोबांच्या नावावर. १९९८ ला आजोबा वारले, तेव्हा मी चौथीत होतो. पुस्तक वडिलांच्या नावावर झालं. दर दहा दिवसाचं बिल वडील उचलायचे, दिवाळीचा दूध फरक वडिलांच्या खात्यावर यायचा. वडील वाईट माणूस नव्हेत. त्यातले पैसे ते घरातच घालायचे. पण तिला देवीला जायचं असलं की एसटीच्या तिकिटापुरते त्यांच्याकडं मागावे लागायचे, हे मी पाहिलेलं आहे. रेशनकार्डावर ती कुटुंबप्रमुख होती, कारण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यांत थोरली बाई कुटुंबप्रमुख धरायला सांगितलं. जिथं कायद्यानं सांगितलं तिथं तिचं नाव आलं. जिथं आमच्या मनावर होतं तिथं आलं नाही.

आजोबा गेल्यावर आणखी एक झालं. ते मी मोठा होईपर्यंत मला नीट कळलंच नव्हतं. शेजारच्या घरात बारसं होतं. सव्वा महिना त्या पोराला आज्जीनंच पायावर घेतलं होतं. बारशाला पाच सवाष्णी पाळण्याभोवती, आणि आज्जी आत, स्वयंपाकघराच्या दाराशी, परातीसमोर. पाळण्याच्या दोरीला तिचा हात चालत नव्हता. बाळाच्या उघड्या अंगाला चालत होता. सेवा हवी, मान नको, ही आपल्या समाजाची पद्धत मला त्या एका दृश्यात जितकी स्वच्छ दिसते तितकी कुठल्या पुस्तकात दिसली नाही.

मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढून घेणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवायला इतर ग्रामपंचायतींना सांगितलं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी घरी होतो. आज्जीनं सगळं ऐकलं. म्हणाली, "चांगलं केलं त्या गावानं." मग थोड्या वेळानं, "पर बारशाला फुडं बोलावत्यात का त्यास्नी?" ठराव करणाऱ्यांनी आणि त्याचं कौतुक करणाऱ्या आपण सगळ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. बांगड्या न फोडणं ही सुरुवात. दोरी हातात देणं अजून पुढं आहे.

आता घरातून गावात आणि गावातून सरकारात येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथं आहे.

माझी काकू अंगणवाडी सेविका आहे. देशात अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे आता पन्नास वर्षं झाली. काकू पोरांची वजनं घेते, उंची मोजते, आहार वाटते, गरोदर बायकांच्या घरी जाते, रजिस्टरं भरते आणि आता तेच सगळं पुन्हा मोबाइलवरही भरते. निवडणूक आली की यादी, साथ आली की घरोघर सर्वेक्षण. काकूच्या हुद्द्यातच सेवा आहे : सेविका. २००५ नंतर आलेल्या आशा तर ‘स्वयंसेविका’, म्हणजे स्वखुशीनं आलेल्या. आणि त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. आशांना तर बराचसा मोबदला कामागणिक. मान आणि धन असे दोन शब्द जोडून तो शब्द झालाय, आणि काकूला त्यातलं एकही नीट मिळत नाही. करोनाच्या काळात या बायका तोंडाला ओढणी बांधून दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, सगळीकडं अभिमानाच्या बातम्या आल्या. गौरव झाला, मानधन मानधनच राहिलं. त्याच्या महिनाभर आधी, २५ एप्रिल २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. एवढी साधी गोष्ट मिळवायला या बायकांना देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं, कारण त्या नोकर आहेत हेच समोरच्यांना कबूल नव्हतं. त्या सेविका होत्या ना.

म्हणजे बघा, आज्जीला जे घरानं केलं तेच काकूला सरकारनं केलं. बाई मनापासून काम करते आहे, तिला लेकरांची माया आहे, ती सोडून जाणार नाही, हे पक्कं ठाऊक असलं की तिच्या मायेचाच पैशातून वजावट म्हणून वापर करायचा. ‘सेवा’ हा शब्द तिच्या तोंडी असतो तेव्हा ती भक्ती असते. तोच शब्द काम करून घेणाऱ्याच्या तोंडी आला की तो पैसे न देण्याचा बहाणा होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. पन्नास दिवसांच्या वर संप चालला. काकू कोल्हापुरात मोर्च्याला जायची आणि घरी आल्यावर गप्प बसायची. गावात कुजबुज सुरू होती : पोरांचा खाऊ बंद करून पैसे मागायला निघाल्यात, तुमच्या सासूनं कधी कुणाकडं पाच रुपये मागितले का. एका संध्याकाळी काकू चुलीपाशी रडली. म्हणाली, आत्ती, मला लाज वाटाय लागली. मी ओट्यावर होतो, मला सगळं ऐकू आलं. आज्जीनं भाकरी उलटली, आणि म्हणाली, "पोरी, मी घेतलं न्हाई ते माझं. तुला देत न्हाईत ते त्यांचं. दोन्ही एक नव्हं." दुसऱ्या दिवशी तिनं काकूच्या डब्यात चार भाकऱ्या जास्त बांधल्या, मोर्च्यातल्या बायकांसाठी.

ज्या बाईनं आयुष्यभर पैसा घेतला नाही तिला हा फरक कळला. तो शिकलेल्या गावाला कळत नव्हता. न घेणं हा तिचा अधिकार होता, तिचं आणि देवीचं जे काही होतं त्यातला. तिच्या न घेण्याकडं बोट दाखवून दुसऱ्या बाईला न देणं हा अधिकार कुणाचाच नाही. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे आणि ते वाक्य माझं नाही, तिचं आहे.

यावर हमखास एक उत्तर येतं : पैसा आला की सेवाभाव जातो. हे उत्तर कोल्हापूरकरानं तरी देऊ नये. अंबाबाईच्या मंदिरात पगारी पुजारी नेमा म्हणून याच शहरातले लोक रस्त्यावर उतरले होते, आणि २०१८ साली विधिमंडळानं त्यासाठी कायदा केला. तेव्हा पगार घेतला की पुजाऱ्याची भक्ती आटेल असं आंदोलनातलं कुणी म्हणालं नाही. उलट पगारानं कारभार स्वच्छ होईल असं लोक म्हणत होते. बिदागी दिली म्हणून कीर्तन बाटत नाही. डॉक्टर फी घेतो, मास्तर पगार घेतो, त्यांच्या मनातली माया कुणी मोजायला जात नाही. माया मोजायची ती फक्त बाईची, आणि तीही तिला देण्याची वेळ आली की.

आणि याच मातीत वेगळी रीतही होती. राजर्षी शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकर या बुद्धिमान मुलीला डॉक्टर होण्यासाठी पाठबळ दिलं, पुढच्या शिक्षणाला परदेशी पाठवलं. त्या परत आल्या आणि ज्याला आपण आज सीपीआर म्हणतो त्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांनी कोल्हापूरच्या बायकांची बाळंतपणं केली. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. काम मूळ तेच, जे आमच्या गावात माझी पणजी करत होती. पण तिथं शिक्षण होतं, नेमणूक होती, पगार होता, हुद्दा होता. म्हणून कृष्णाबाईंच्या सेवेला कमीपणा आला का? आजही त्यांचं नाव आदरानंच घेतलं जातं. माझ्या पणजीचं नाव मात्र मला वडिलांना विचारावं लागलं, आणि त्यांनाही क्षणभर थांबून आठवावं लागलं.

गाडगेबाबांचाही विचार मनात येतो. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. त्यांनी खराटा हातात घेतला, गावचे रस्ते झाडले, आणि त्यांच्या नावानं २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगावी स्पर्धा झाल्या, बक्षिसं मिळाली. त्या स्पर्धेसाठी आमच्या गावचे उकिरडे कुणी हलवले, गटारी कुणी उपसल्या? निम्म्याहून जास्त बायका होत्या, आज्जी त्यांत पुढं. फोटोत हार घातलेले सगळे पुरुष. तो फोटो ग्रामपंचायतीत अजून लावलेला आहे.

मोजणीची गोष्ट कोरडी वाटेल, पण ती टाळता येत नाही, कारण ज्याची मोजणी नाही त्याला किंमत नाही असा आपला कारभार आहे. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या सुमारे ३६ कोटी बायकांना काम न करणाऱ्यांत धरलं होतं, भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्याच गटात. जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात त्यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरचं विनामोबदला काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. पाच तास विरुद्ध दीड तास. ही सरासरी आहे. आज्जीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा.

मी घरकामाला पगार द्या असं म्हणत नाही. काही जण म्हणतात, त्यांचं म्हणणं मी समजून घेतो, पण आज्जीच्या हातावर आजोबांनी महिन्याला पैसे ठेवले असते तर ती खूश झाली असती असं मला वाटत नाही. नोकर ठेवल्यासारखं वाटलं असतं तिला. तिला काय हवं असेल याचा मी खूप विचार केला. बिलाच्या पुस्तकावर नाव. बारशाच्या दोरीला हात. पहाटे तिच्याबरोबर उठणारं आणखी एक माणूस, ते बाप्या असलं तरी. आणि बाहेर जाऊन तिचंच काम करणाऱ्या सुनेला पुरेसा, वेळेवर पगार. यातलं शेवटचं सोडलं तर एकाही गोष्टीला सरकारी खजिन्यातला पैसा लागत नाही. आणि शेवटच्या गोष्टीला लागणारा पैसा सरकारनं द्यायचाच आहे, कारण काम तर ते करून घेतंच आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना कर्मचारी म्हणा, वेतन द्या, निवृत्तिवेतन द्या. त्यांच्या हुद्द्यातला ‘स्वयं’ काढून टाका.

श्रद्धांजली हा विषयही मला लहान वाटत नाही. वर्तमानपत्रातल्या चार ओळीत ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता’ एवढंच येतं. तिनं काय केलं ते येत नाही. गावाचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर चेअरमन सापडतील, पैलवान सापडतील, सैनिक सापडतील, ते सापडायलाच हवेत. पण महापुरात चूल मांडणारी सापडणार नाही, कारण तिची नोंद कुठंच नाही. दिवाळीत आत्या आली होती तेव्हा ती आणि काकू वही घेऊन बसल्या. गल्लीगल्लीनं आज्जीनं पायावर घेतलेल्या पोरांची नावं लिहायला लागल्या. एकशे चाळीसच्या पुढं गेल्यावर वीज गेली म्हणून थांबल्या. त्या यादीत एक डॉक्टर आहे, दोन जवान आहेत, एक माजी सरपंच आहे, एक ऊसतोड मुकादम आहे, आणि मी आहे. ग्रामपंचायतींनी असं काम हाती घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं. प्रत्येक गावात अशा पाचसहा म्हाताऱ्या आज जिवंत आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसायला एक वही आणि एक शिकलेली पोरगी पुरे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचा नियम राज्यानं केला. चुलतभावाला मागच्या वर्षी मुलगी झाली. तिच्या दाखल्यावर तिच्या नावानंतर तिच्या आईचं नाव आलं. आज्जीला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आणि आज्जीचं?" सगळे हसले. मला तेव्हा हसू आलं, आता येत नाही.

आमच्या घरात एवढं झालं : म्हशी आता आई बघते. आज्जीच्या सव्वा महिन्यानंतर मी वडिलांशी बोललो. पहिल्यांदा ते चिडले. मी काय तिचे पैसे खाल्ले का, म्हणाले. मी म्हटलं, नाही खाल्ले, पण पुस्तक तिचं होतं. ते उठून रानात गेले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आईला म्हणाले, चल, आवर, संस्थेत जाऊन येऊ. संस्थेतल्या क्लार्कनं अर्ज घेतला आणि सवयीनं विचारलं, मालकांचं नाव काय लिहू? वडील म्हणाले, हिचंच लिहायचं आहे. मग आईनं सही केली. दहावीनंतर तिनं फारशा सह्या केलेल्या नाहीत, आडनावाशी हात थोडा अडखळला. क्लार्कनं शिक्का मारला, पुस्तक तिच्या हातात दिलं, आणि मागच्या बाईची किटली मापाला लागली.